जवळेकरांनो, बैठक मोडा!

घरातली सुतळी घ्या. भिंतीला टेकून ताठ उभे राहा. टाचेपासून डोक्यापर्यंत कुणाकडून तरी माप घ्या आणि तेवढी सुतळी तोडा. आता तिची बरोबर अर्धी घडी घाला. ती घडी बेंबीच्या रेषेत पोटाभोवती फिरवा. श्वास ओढून पोट आत घेऊ नका, इथे कुणाला फसवायचं नाही. टोकाला टोक लागलं, तर ठीक. चार बोटं कमी पडली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे. टोक लागलं असलं तरी वाचा. घरात तुमच्या एकट्याचंच पोट नाही.

हिशोब सोपा आहे. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की डॉक्टर सावध होतात. पोटाच्या आत, काळजाभोवती म्हणजे यकृताभोवती साठणारी ही चरबी नुसती पडून राहत नाही. ती शुगर वाढवते, बीपी वाढवते, रक्तवाहिन्या अरुंद करते. आणि तिला वाढायला आपल्या बसण्याची मोठी मदत होते.

“बसणं? आणि आमच्या गावात?” तुम्ही म्हणाल. “आम्ही जवळा बाजारची माणसं. औंढा तालुक्यातलं शेतकऱ्यांचं गाव. बसून खाणारे पुण्या-मुंबईकडे!” हा समज आधी सोडा. आजार याच समजाच्या आडून आत येतो.

जरा आठवून बघा. निंदायला मजूर मिळेना, म्हणून तणनाशकाचा पंप आला. डवऱ्याच्या जागी ट्रॅक्टर आला. सोयाबीनला मळणी यंत्र आलं. हळद शिजवायला बॉयलर, घोळायला ड्रम. विहिरीवरची मोटर आता मोबाईलवरून चालू होते. आखाड्यावर जायचं तर मोटारसायकल, दूध घालायला मोटारसायकल, कोपऱ्यावरच्या टपरीवर जायलाही मोटारसायकलच. यात वाईट काही नाही. आपल्या बापाच्या आणि आईच्या कमरा मोडल्या त्या कष्टांनी. ते कष्ट गेले ते बरंच झालं. जातं परत आणा, असं कुणी म्हणणार नाही. पण कष्ट गेले आणि ताट तेवढंच राहिलं. वर दिवसातून पाच-सहा वेळा साखरेचा चहा आला. आणि वाचलेला वेळ खुर्चीनं घेतला.

बाजारपेठेतली गोष्ट तर याहून वेगळी. आडतीवरची गादी, कापडाचं दुकान, मेडिकल, कृषी सेवा केंद्र, झेरॉक्स, बँक, शिलाई मशीन, ऑटोचं हँडल. सकाळी बसलेला माणूस दुपारी जेवायला उठतो, पुन्हा बसतो, रात्री शटर ओढायला उठतो. मग घरी येऊन टीव्हीपुढे बसतो. मग मोबाईल घेऊन आडवा होतो.

हे आवाहन मोंढ्यात पोती उचलणाऱ्या हमालदादाला नाही. उन्हात हळद काढणाऱ्या मावशीलाही नाही. त्यांना विसावा हवा, सावली हवी, पोटभर सकस जेवण हवं. हे सांगणं त्यांच्या कामाकडे बसून बघणाऱ्या आपल्या सगळ्यांना आहे. आणि हंगामात महिनाभर राबून उरलेले महिने पारावर काढणाऱ्यांनाही.

आज रात्री एक हिशोब मांडा. सकाळपासून किती तास बसलात? जेवणाचा, गाडीवरचा, गल्ल्यावरचा, टीव्हीचा, मोबाईलचा वेळ धरा. झोप सोडून द्या. आकडा आठाच्या पुढे गेला, तर तो देवघराशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तो खाली आणायचा आहे.

आपण एकटेच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली जगभरचा अंदाज छापला. भारतात २००० साली पुरेशी हालचाल न करणारे प्रौढ शंभरात साधारण २२ होते. २०२२ साली ते शंभरात जवळपास ५० झाले. बायकांमध्ये ५७, पुरुषांमध्ये ४२. म्हणजे दर दोन माणसांमागे एक. आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ सालच्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत. आणखी साडेतेरा कोटी माणसं मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभी आहेत. उंबरठ्यावरची माणसं मागे फिरू शकतात. त्यांतले काही आपल्या गल्लीत आहेत. कदाचित तुम्हीच आहात.

बसण्यानं एवढं काय बिघडतं? ऐका. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे. आपण चालतो तेव्हा हे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि वापरतात. बसलो, की ते गप्प होतात. साखर रक्तातच फिरत राहते. ती खाली आणायला शरीर जास्त इन्सुलिन सोडतं, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की इन्सुलिनचा धाक उरत नाही. पोटरीचं काम तर आणखी वेगळं. पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकलते ती पोटरी. विहिरीवरची मोटर बंद पडली की पाणी पाटात चढत नाही, तसं पोटरी थांबली की रक्त पायात तुंबतं. तासन्‌तास गाडी हाकणाऱ्याचे पाय संध्याकाळी सुजतात, ते यामुळेच.

याचा पहिला मोठा पुरावा बसमधून आला. लंडनमध्ये डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसवर काम करणाऱ्या हजारो माणसांची नोंद ठेवली. चालक दिवसभर बसून. वाहक दिवसभर तिकिटं फाडत जिना वर-खाली करणारा. बस तीच, मालक तोच, रस्ते तेच. १९५३ साली निष्कर्ष छापून आले. चालकांना हृदयविकार जास्त होता, आणि झाल्यावर लवकर दगावणारेही त्यांच्यातच जास्त होते. आपल्या गावातून औंढ्याला, वसमतला, परभणीला गाड्या हाकणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. दर फेरीनंतर इंजिन बंद करा आणि गाडीभोवती पाच चकरा मारा. चहा पिणार असाल तर उभ्यानं प्या.

“पण मी तर वाळका आहे. मला काय होणार?” असंही कुणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवलं. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. यूडकिन यांनी २००४ साली स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. यूडकिन यांच्या अंगात चरबी ९ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के. यूडकिन लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे. आपला व्यायाम म्हणजे सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत गाठायला धावणं, असं याज्ञिकांबद्दल त्यात गमतीनं लिहिलं होतं. याज्ञिकांच्या पथकानं पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही तपासली. ती इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी हलकी होती, तरी चरबी राखून होती. कमी होतं ते मांस. म्हणजे आपल्या मातीतला हडकुळा माणूसही आतून चरबीचा असू शकतो. शर्टाचा नंबर बघून निर्धास्त राहू नका.

म्हणून पहिलं काम आजपासून करा. अर्ध्या तासाच्या वर सलग बसू नका. एवढंच. यासाठी बूट लागत नाहीत, पैसे लागत नाहीत.

आडतीवर बसता? फोन आला की उठा. बोलणं संपेपर्यंत ओट्यावर येरझाऱ्या घाला. दिवसभरात किती फोन येतात, तुम्हालाच ठाऊक.

दुकानात बसता? पाण्याचा माठ हाताशी ठेवू नका, मागच्या खोलीत ठेवा. गिऱ्हाईक आलं की पोराला हाक मारण्याआधी स्वतः उठून माल काढा.

शिलाई मशीनवर बसता? एक ब्लाऊज झाला की उठा. हात वर ताणा, दाराबाहेर जाऊन या, मग पुढचा घ्या.

शाळेत शिकवता? वर्गात फिरत शिकवा. मागच्या बाकावरची मुलंही जागी राहतील.

आणि जेवण झालं की लगेच आडवे होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं चाला. जेवणानंतर रक्तात साखर चढते, नेमकं तेव्हाच पायांचे स्नायू ती खायला तयार होतात. शुगर असलेल्यांनी तर हे गोळी घेतल्यासारखं नेमानं करावं. मात्र चालता म्हणून गोळी सोडू नका.

आता कठोर बोलावं लागेल. हे टाळलं तर काय होतं, ते तुम्ही आपल्या सोयऱ्या-धायऱ्यांत पाहिलंय. शुगर मुकी असते. वर्षानुवर्षं ती काही सांगत नाही. मग एक दिवस पायाला काटा मोडतो. पाय बधिर झालेला असतो, म्हणून कळतच नाही. जखम चिघळते आणि डॉक्टर बोट काढायचं म्हणतात. कुणाची मूत्रपिंडं थकतात. मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिससाठी शहर गाठायचं. सोबत घरातलं एक माणूस. दोघांचीही मजुरी बुडते. कुणाला भल्या पहाटे छातीत कळ येते आणि परभणी किंवा नांदेड गाठेपर्यंत एकेक मिनिट डोंगराएवढं होतं. कुणाला लकवा मारतो. ज्या माणसाच्या जिवावर घर चालायचं, त्याला घास भरवायला घरातलं कुणीतरी कायमचं अडकतं. बहुधा ती बायको असते, नाहीतर शाळा सोडलेली मुलगी. आजार एकाच्या अंगात शिरतो आणि बिल सगळं घर भरतं. कधी दागिन्यानं, कधी जमिनीनं.

पण तुमच्या हातात अजून पुष्कळ आहे. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकानं मधुमेहाच्या उंबरठ्यावरची पाचशेच्या वर माणसं घेतली. त्यांतल्या एका गटाला रोजचं चालणं आणि जेवणातला बदल सांगितला आणि त्याचा पाठपुरावा केला. २००६ साली निष्कर्ष आले. काही न सांगितलेल्यांपेक्षा या गटात मधुमेह होण्याचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला. ती माणसं आपल्यासारखीच, भात-भाकर खाणारी होती. म्हणजे आपल्याकडेही हे जमतं.

तेव्हा दुसरं काम. आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चाल इतकी हवी, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. अर्धा तास एकदम निघत नसेल तर तीन वेळा दहा मिनिटं काढा. आठवड्यातून दोनदा अंगमेहनतही करा: सूर्यनमस्कार, बैठका, दोन हातांत पाण्याच्या कळशा उचलणं. आणि ज्यांना दिवसाचे आठ तास बसावंच लागतं, त्यांनी चालणं तासाभरावर न्यावं. दहा लाखांहून अधिक माणसांच्या नोंदी एकत्र करून २०१६ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, की रोज ६० ते ७५ मिनिटं चालणाऱ्यांमध्ये एवढ्या बसण्याचा जादा धोका जवळपास पुसला जातो.

आषाढीला पायी गेलो होतो, असं सांगू नका. नरसीहून नामदेवांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चाललात, तर तुमचे पाय धन्य. पण शरीर अशी शिल्लक वर्षभर ठेवत नाही. काही आठवडे बसलात, की कमावलेलं ओसरू लागतं. आपला हा जिल्हा नामदेवांचा. ते इथून पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले, असं परंपरा सांगते. आपण निदान घरापासून शाळेच्या मैदानापर्यंत जाऊ.

चालताना जीव सांभाळा. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा, दुपारच्या उन्हात निघू नका. मोठ्या रस्त्यावर चालावंच लागलं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं चाला आणि कानात काही घालू नका. पावसाळ्यात अंधार असेल तर बॅटरी सोबत ठेवा. शुगर असेल तर अनवाणी चालू नका आणि रात्री तळपाय निरखून बघा. चालताना छातीत दाटून आलं, डावा हात किंवा जबडा दुखला, चक्कर आली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.

तिसरं काम. वय तिशीच्या पुढे असेल तर या आठवड्यात बीपी आणि शुगर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात ही तपासणी फुकट होते. आशाताई दारात फॉर्म घेऊन आली तर “आम्हाला काही नाही झालं” म्हणून परत लावू नका. तिला बसवा, माहिती द्या, तारीख घ्या.

आता घरातल्या पुरुषांना एक विनवणी. तुमच्या बायकोला, आईला, सुनेला चालायला वेळ मिळत नाही. मिळाला तर वाट मिळत नाही. बाई एकटी फिरायला निघाली की टपरीवरच्या माना वळतात. त्या माना आपल्याच आहेत. त्या वळवू नका. सकाळचा चहा तुम्ही ठेवा. पोराचा डबा एक दिवसाआड तुम्ही भरा. तेवढा अर्धा तास तिचा. आणि ताई, तुम्हीही एकट्या निघू नका. गल्लीतल्या पाचजणींना हाक मारा. हरिपाठाला जमता तशाच जमा. “गुडघे दुखतात” म्हणून बसून राहू नका. हळूहळू चालल्यानं आणि मांड्यांचे स्नायू बळकट झाल्यानं बहुतेकांच्या गुडघ्यांना आरामच पडतो. बसून राहिल्यानं ते आणखी धरतात.

आजी-आजोबांनाही यात धरा. म्हातारपणी स्नायू झपाट्यानं गळतात. मग तोल जातो, पडणं होतं, मांडीचं हाड मोडतं. “बसा आता निवांत” म्हणून आपण मायेनं त्यांना खाटेला बांधून टाकतो. तसं करू नका. हात धरून मंदिरापर्यंत न्या. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायला लावा. नातवंडाला मोजायला बसवा, दोघांचाही वेळ छान जाईल.

आणि मुलं. पाच ते सतरा वर्षांच्या मुलाला रोज किमान एक तास अंगातून घाम काढणारा खेळ हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपलं मूल शाळेत ऑटोनं जातं, बाकावर बसतं, ट्यूशनला बसतं, घरी येऊन मोबाईलवर मान वाकवतं. त्याला ‘हुशार’ म्हणून आपण खूश होतो. जेवताना हातात मोबाईल देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला तर स्क्रीन दाखवूच नका. संध्याकाळी पाच ते सहा अभ्यास बंद, कबड्डी चालू. लंगडी, खो-खो, सूरपाट्या, विटीदांडू, काहीही चालेल. मुलींनाही सोडा. पोरगी मोठी झाली म्हणून तिचं मैदान काढून घेऊ नका. आणि लक्षात ठेवा, मूल ऐकतं कमी, बघतं जास्त. तुम्ही सोफ्यावर असाल तर तेही तिथेच येऊन बसेल.

एकट्यानं चार दिवस निघतात, गावानं निघालो तर वर्ष निघतं. म्हणून शेवटचं मागणं सगळ्या गावाकडे. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा. शाळेचं मैदान सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना खुलं करा. चालण्याच्या एका रस्त्यावर तरी दिवे लावा, खड्डे बुजवा. बाजार समितीच्या आवारात माल यायच्या आधी पहाटे चालता येईल का, हे समितीला विचारा. सप्ताहात तास-तास पावली खेळणारे टाळकरी गावात आहेत. त्यांनी रोज संध्याकाळी अर्धा तास ती मंदिरापुढे धरली, तर त्याहून चांगला व्यायाम कोणता? तरुण मंडळांनो, यंदाच्या गणपतीत डीजेच्या खर्चातून थोडं बाजूला काढा आणि गावात बीपी-शुगर तपासणी ठेवा.

तुम्ही चांगली माणसं आहात. कुणाच्या वावराला आग लागली तर हातातलं टाकून धावणारी. शेजारी आजारी पडला तर रात्री गाडी काढणारी. तीच धाव थोडी आधी घ्या, म्हणजे दवाखान्याची वाट धरायची वेळच कमी येईल.

उद्यापासून म्हणू नका. सोमवारपासून म्हणू नका. हंगाम संपल्यावर तर मुळीच म्हणू नका. आज रात्री जेवण झालं की ताट उचला, टीव्ही बंद करा, चप्पल घाला. जाता जाता शेजारच्या दारावर थाप मारा आणि त्यालाही बाहेर काढा. तो “आज नको” म्हणेल. हात धरून ओढा. दहा मिनिटं चाला. उद्या पंधरा. आठवड्याभरात अर्धा तास. तुमच्या पोराबाळांना तुम्ही चालते-फिरते हवे आहात. उठा. निघा.